अंतराळवीरांचा व्यायाम मुलांना कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: मुलांना अंतराळवीरांसारखं ट्रेनिंग देणं हा नुसता देखावा आहे. वर गुरुत्वाकर्षणच नसतं, तेव्हा तिथला व्यायाम इथे काय कामाचा? अंतराळवीर गोळ्या आणि ट्यूबमधलं अन्न खाऊन राहतात, ते आहार काय शिकवणार? शिवाय जोर-बैठकांनी मुलांची उंची खुंटते. मी मुलांकडून हे उपक्रम करून घेते, म्हणून उत्तर देते आहे.

वर गुरुत्वाकर्षण नसतं, हे मुळातच चूक. अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरतं आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच सतत पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. पायांवर भार नाही म्हटल्यावर शरीर हाडं राखण्याची तसदी घेत नाही. पुरेसा व्यायाम केला नाही, तर खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते. म्हणून तिथे रोज दोनेक तास व्यायामासाठी राखलेले असतात. धावताना ट्रेडमिलवर पट्ट्यांनी खाली ओढून धरावं लागतं. डंबेलला वजनच लागत नाही, म्हणून निर्वात नळकांड्यांच्या जोराविरुद्ध बैठका काढायच्या.

हे ऐकून एका मुलीने मला विचारलं, "मग मी दिवसभर लोळत पडले तर?" नेमका प्रश्न! भारहीनतेचे परिणाम अभ्यासायला संशोधक निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात झोपवून ठेवतात, डोक्याकडची बाजू 6 अंश खाली करून. म्हणजे पायांवर भार नसेल, तर इथेही तेच होतं; तेव्हा तिथला व्यायाम इथे चांगलाच कामाचा आहे.

ट्यूबचं म्हणाल, तर 1962 साली अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी सफरचंदाचा गर ट्यूबमधून खाल्ला होता, हे खरं. तो काळ मागे पडला. आता पाणी घालून खायचे सुकवलेले पदार्थ, फळं, सुकामेवा असतो. पावाचा चुरा हवेत तरंगतो, म्हणून त्याऐवजी टॉर्टिया, म्हणजे पोळीसारखा मेक्सिकन पदार्थ. गोळी असतेच, पण ती ड जीवनसत्त्वाची, कारण अंगावर ऊन पडत नाही. यातूनच मुलांना विचारता येतं: तुम्हाला तर ऊन मिळतं, मग तुम्ही बाहेर किती वेळ असता?

उंची खुंटण्याची भीती निराधार आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही. उलट, 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम असावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

राहिला देखावा. पोशाख घालून फोटोच काढायचे असतील, तर तो आक्षेप मला मान्य आहे. पण 2011 मध्ये नासा आणि इतर अवकाश संस्थांनी मुलांसाठी सुरू केलेल्या 'मिशन एक्स' या अंतराळवीरांसारख्या ट्रेनिंगच्या कार्यक्रमाचे उपक्रम पाहा: अस्वलासारखं आणि खेकड्यासारखं चालणं, लांब पल्ल्याची चाल, जाड हातमोजे घालून कोडं जुळवणं. प्रत्येक मूल स्वतःच्या वहीत स्वतःचे आकडे लिहितं. संघ पाडताना शेवटी उरणारा एक मुलगा माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात त्याच्या 6 बैठका झाल्या, काल 14. वही त्याने स्वतःहून आणून दाखवली.