शनिवारी कोण कोण मोकळंय?

आमच्या बँडमधे दोघांचं नाव एकच, त्यामुळे सगळ्यांनाच नाशकातल्या एरियावरून हाक मारायची सवय लागली ती लागलीच. ड्रम्सवर सिडको, गायला पंचवटी, कीबोर्डला नाशिकरोड, बेसवर सातपूर आणि रिदम गिटार घेऊन मी, गंगापूर. याचा तोटा एवढाच की आमची भांडणं बाहेरून ऐकणाऱ्याला महापालिकेची महासभा चालू आहे असं वाटतं. सिडको सारखं पुढे पळतं, पंचवटी कुणाचं ऐकत नाही, नाशिकरोड वेळेवर येत नाही आणि सातपूरला काय पाहिजे ते कुणी विचारत नाही.

बँड का फुटतात यावर लोक मोठमोठ्या गप्पा मारतात, कलात्मक मतभेद, इगो, पैसा, प्रसिद्धी वगैरे. आमच्यापर्यंत यातलं काही अजून पोचलेलंच नाही. प्रसिद्धीवरून भांडायला आधी ती असावी लागते, आणि पैशाचं म्हणाल तर मागच्या शोचे जे काही मिळाले ते वाटत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिसळ खावी असं एकमताने ठरलं आणि एक्स्ट्रा पावाचे पैसे खिशातून गेले. माझं तर आता ठाम मत झालंय की सूर जुळणं हा बँडमधला सगळ्यात सोपा भाग आहे, तो होऊन जातो. जुळत नाही ती सुट्टी.

म्हणजे सूरही अगदी हसत खेळत जुळतात असं नाही. पंचवटी गांधर्वची विशारद झालेला, लहानपणापासून पेटीवर शिकलेला, आणि पलुस्कर सभागृहाच्या जवळच राहतो त्यामुळे जुन्या काळातले मोठे गवई पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्याबद्दल असं बोलतो की जणू कालच जिन्यात भेटले होते. त्याला स्केल विचारली की म्हणतो काळी एक. सातपूर सगळं यूट्यूबवर शिकलेला, तो म्हणतो काळी एक म्हणजे काय, सी शार्प म्हण ना. पंचवटी म्हणतो तेच म्हणतोय, काळी एक. अरे मग सी शार्प म्हण. अरे पण काळीच आहे ना ती. हे चालू असताना नाशिकरोड कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबून मोकळा होतो आणि मोबाईल बघत बसतो, मी गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपोचा चिमटा लावतो, म्हणजे बोटं सी वाजवतात आणि ऐकू काळी एक येते, आणि सातपूर बिचारा कॅपो न लावता त्या जाड चार तारांवर जागा शोधत राहतो. त्याला ती सापडते, आम्ही वन टू थ्री फोर म्हणतो, आणि पंचवटी हात वर करतो. 'घसा बसलाय रे आज जरा, पांढरी सात घेऊ?'

पांढरी सात म्हणजे बी. बी म्हणजे बार कॉर्ड. बार कॉर्ड म्हणजे काय ते ज्यांनी धरलाय त्यांनाच माहिती, बाकीच्यांनी पहिलं बोट दारात अडकवून साधारण अंदाज घ्यावा.

पण यावरून आमचा बँड कधी फुटला नाही. पंधरा मिनिटं वाया जातात, एखादी शिवी जाते, मग गाणं सुरू होतं आणि सगळं विसरायला होतं. खरा राडा प्रॅक्टिसच्या आधी असतो, ग्रुपवर.

यू-टू या आयरिश बँडची गोष्ट मला नेहमी ऐकवली जाते. १९७६ साली डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावली, बँड करायचाय, वाजवणारे पाहिजेत, आणि त्यातून जे चौघं शेवटी उरले त्यांनी पुढची चाळीसच्या वर वर्षं एकत्र काढली. लोक म्हणतात बघ, याला म्हणतात जिद्द. मी म्हणतो याला म्हणतात एक शाळा! एकच टाइमटेबल, एकच मधली सुट्टी, एकाच दिवशी दिवाळीची, म्हणजे तिकडे ख्रिसमसची सुट्टी. त्या मलनला म्हणावं तू सातपूरच्या कंपनीत फिरत्या शिफ्टवाला बेसिस्ट घेऊन दाखव.

फिरती शिफ्ट हा प्रकार नाशिककरांना समजावून सांगायची गरज नाही. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. फर्स्ट शिफ्टला सातपूर संध्याकाळी मोकळा असतो पण पहाटे उठलेला असल्यामुळे आठला डोळे मिटून वाजवतो, आधी आम्हाला वाटायचं तल्लीन झालाय. सेकंडला तो रात्री अकराला सुटतो. नाईटला तो संध्याकाळी 'जरा पडतो' म्हणतो आणि उठतो ते डायरेक्ट बसच्या हॉर्नला. त्याची सुट्टी शनिवारी. माझी सुट्टी रविवारी. नाशिकरोड क्लासेसमधे फिजिक्स शिकवतो, त्याचे एक्स्ट्रा लेक्चर नेमके शनिवार रविवारच असतात कारण पोरांना तेव्हाच वेळ, आणि त्याला यायचं म्हणजे कीबोर्ड स्कूटरवर आडवा बांधून द्वारकेचा चौक पार करायचा. द्वारकेच्या ट्रॅफिकमधून आडवा कीबोर्ड नेणं म्हणजे काय असतं ते एकदा मागे बसून बघितलं, एका रिक्षावाल्याने इतकं सुरेल काहीतरी सुनावलं की आम्ही घरी येईपर्यंत ते गुणगुणत होतो. पंचवटीचं तसं ऑफिस बिफिस काही नाही, दुकान आहे घरचं, पण चतुर्थी, एकादशी, श्रावण आणि सगळ्या जत्रा यात्रांना गिऱ्हाईक, म्हणजे जगाला सुट्टी तेव्हा याला काम. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पण येतो तरी, २०१५ ला आला होता, आता २०२७ ला आहे, तारखा आधीपासून जाहीर असतात. आमची पाचही जण हजर असलेली प्रॅक्टिस कधी आहे ते मात्र कुठल्याच पंचांगात सापडत नाही.

आणि सिडको. सिडको हा आमचा हिरा आहे हे आधीच सांगतो, असा हात अख्ख्या नाशकात नाही. पण तो मुळात ढोलवाला. जुलै लागला की त्याचं पथक सुरू होतं आणि तिथून गणपतीची मिरवणूक वाकडी बारवहून निघून पुढे सरकेपर्यंत तो आमचा नसतो. फोन केला की मागून नुसता धडाम धडाम आवाज आणि मधूनच 'दादा, विसर्जनानंतर बोलू'. विसर्जनानंतर आठ दिवस हात दुखत असतो. मग नवरात्र. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची तयारी वेगळीच. बरं तो परत येतो तेव्हा ढोलाची सवय अंगात असते, टिपरू मारावं तशी स्टिक मारतो, आणि मागच्या वेळी नवीन स्नेअर ड्रमचं पान दोन गाण्यांत फाडलं. रंगपंचमीला तर रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, धप्पा मारून तसाच ओला प्रॅक्टिसला आला, कारण आपल्याकडे धुळवडीला नाही रंगपंचमीला रंग, आणि ही पेशव्यांच्या काळापासूनची रहाड सोडून तुमच्या प्रॅक्टिसला आलोय हे त्याने तीन वेळा ऐकवलं. पांढऱ्या स्नेअरवर त्या दिवशी उमटलेला केशरी पंजा अजून निघालेला नाही. त्यावर वाजवलं की बाकीच्या जागेपेक्षा आवाज बसका येतो असं त्याचं स्वतःचंच म्हणणं आहे, आणि त्यासाठी तो पंचवटीच्या एरियातल्या रंगाला दोष देतो.

जागेचं रामायण वेगळंच. सुरुवातीला आमच्या फ्लॅटमधे वाजवायचो. सरकारी नियम काढून बघितला तर रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि ड्रमसेट नीट वाजवला की शंभरच्या पुढे आरामात जातो, म्हणजे सिडकोने नुसत्या स्टिक काढल्या तरी आम्ही गुन्हेगार. कुणीतरी म्हणालं भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. लावले. ऐन श्रावणात अंड्यांचे शंभरेक ट्रे घेऊन जिना चढलो, सोसायटीत काय चर्चा झाली असेल ती असो. त्यानंतर कळलं की आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत, गच्च बसणारं दार, पुठ्ठ्याचे ट्रे फारतर खोलीतला घुमारा जरासा कमी करतात. म्हणजे आम्हाला आमचंच वाजवणं जास्त स्वच्छ ऐकू यायला लागलं, जे कुणालाच नको होतं.

शेवटी खालच्या काकू वर आल्या. आम्ही सगळे उभे राहिलो. काकू म्हणाल्या, 'तक्रार नाहीये रे माझी, पण ते एक गाणं कधी बसणार आहे तुमचं? गेली दिवाळी झाली, ही आली. त्या मधल्या तुकड्यात तुम्ही चुकता ना, तिथे आमच्या ह्यांचा चहाचा कप हातातच राहतो. बसलं की वाजवा हो सुखाने, पण आता ह्यांना बीपीची गोळी चालू केलीये.'

ओळखीतून अंबडला एक रिकामा गाळा मिळाला. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस, दिवसभर धप, धप, धप, पत्र्याचे वॉशर पडतायत. पहिल्या दिवशी वाटलं संपलं, इथे काय डोंबल वाजवणार. पण गंमत अशी झाली की सिडकोने नकळत त्या प्रेसची लय धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा आमचं गाणं ज्या स्पीडला सुरू झालं त्याच स्पीडला संपलं. असा शिस्तीचा मेंबर आम्हाला कधी मिळाला नव्हता, मोबाईल नाही, घसा नाही, घरून फोन नाही. फक्त ऑपरेटर डबा खायला गेला की आमचा टेम्पो सुटायचा. आणि शनिवारी तो शेजारचा गाळा बंद, म्हणजे सातपूर ज्या एका दिवशी पूर्ण जागा असतो त्याच दिवशी प्रेस नाही.

माणूस कमी पडला की जाहिरात द्यायची, त्याचे अनुभव काय सांगू. 'बँडसाठी वादक पाहिजेत' असं लिहून नंबर दिला, तर पहिला फोन सिन्नरहून, सोळा तारखेची वरात आहे, घोडा तुमचा की आमचा. मी समजावून सांगत होतो की काका आमचा तसला बँड नाही, तर त्यांनी आकडा सांगितला. तो आकडा ऐकून सिडको म्हणाला, 'दादा, तसला म्हणजे नक्की कसला नाही आपला?' गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार रविवार मुंबईची गर्दी असते तिथल्या एका हॉटेलवाल्याने आम्हाला जेवणावर वाजवायला बोलावलं होतं, त्यातही स्टार्टर धरलेले नव्हते, त्या मानाने वरात म्हणजे करिअर होतं.

नको असलेल्या माणसाला काढायचं कसं हा तर अजूनच अवघड विषय. इंग्लंडच्या बीटल्स बँडने ऑगस्ट १९६२ मधे पीट बेस्टला काढून रिंगो स्टारला ड्रम्सवर घेतलं, पण बाकीच्या तिघांपैकी एकानेही तोंडावर सांगितलं नाही, मॅनेजर ब्रायन एपस्टाईनला पुढे केलं. एवढी मोठी माणसं जे करू शकली नाहीत ते आम्ही काय करणार, आणि आमच्याकडे मॅनेजरही नाही. म्हणून आम्ही कुणाला काढत नाही, त्याच्याशिवाय नवीन ग्रुप काढतो. माझ्या फोनमधे आता 'बँड', 'बँड नवीन', 'बँड फायनल', 'बँड फायनल खरा' आणि 'मिसळ' असे ग्रुप आहेत. 'मिसळ' मधे सगळ्यात जास्त संगीताची चर्चा होते. जुन्या 'बँड' मधे एक व्हायोलिनवाला अजून रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकतो, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही, आणि खरं तर त्याच्याइतकं नियमित आमच्यात कुणीच नाही.

तर मुद्दा असा की गेल्या महिन्यात सातपूरला चाकणला नोकरी लागली. पगार चांगला, जनरल शिफ्ट, रविवारी सुट्टी. रविवारी! इतकी वर्षं आम्ही ज्या रविवारसाठी जीव टाकला तो त्याला मिळाला तो पावणेदोनशे किलोमीटरवर. निरोपाला सगळे आले होते, पाचही जण, वेळेवर. तेवढ्यात वाजवून घेऊ म्हटलं तर बेस पॅक केलेला.

मग नवीन बेसिस्ट शोधणं आलं. एक आला तो सहा तारांचा बेस घेऊन आणि प्रत्येक गाण्यात सोलो, भावगीताच्या अंतऱ्यात पण सोलो, पंचवटीने तानपुरा धरावा तसा रुमाल धरून डोळे मिटून घेतले. दुसरा एमपीएससी करणारा, हात फार गोड, पण पूर्व झाली की येतो, मग मुख्य झाली की येतो, आता इंटरव्ह्यू झाला की येणार आहे आणि देव करो तो तहसीलदार होवो पण आमच्या कामाचा नाही. तिसऱ्याने आधी विचारलं ओरिजिनल वाजवता का, आम्ही हो म्हटलं तर त्याने स्वतःचं अकरा मिनिटांचं गाणं ऐकवलं, त्यात सात मिनिटं पाऊस होता.

आणि मग परवा एक जण भेटला. इंदिरानगरला राहतो, अंबडच्या गाळ्यापासून दहा मिनिटं. बुधवार आणि शनिवार दोन्ही दिवस संध्याकाळी मोकळा. ढोल पथकात नाही. गणपतीला गावाला जात नाही, गणपती याच्याकडेच येतो, दीड दिवसाचा. स्वतःची चारचाकी आहे आणि मागची सीट पडते, म्हणजे कीबोर्ड आडवा बांधायचा प्रश्न मिटला. घरच्यांची हरकत नाही, उलट बायको म्हणाली न्या. सिडकोने डोळे बारीक करून विचारलं की वाजवतोस किती वर्षं? तर म्हणाला, 'नाही, वाजवत नाही अजून. पण शिकीन.'

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं सुद्धा नाही, नाशिकरोडने तिथल्या तिथे त्याला 'बँड फायनल खरा' मधे ॲड केलं. रात्री त्याचा मेसेज आला की दादा बेस घ्यायला निघालोय, चार तारांचा घेऊ का पाच? म्हटलं चारचाच घे, पाचवीचं पुढे बघू, आणि शनिवारी येताना द्वारकेवरून नाशिकरोडला उचल.