निवांत सुट्टीला जाताना इंदूर सोबत न्या

आमचे हे 31 डिसेंबरला निवृत्त झाले. चौतीस वर्षं फायली, बदल्या आणि दर दोन साहेबांमधली भांडणं सांभाळल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "पाच-सहा दिवस समुद्राकाठी नुसतं पडून राहायचं. कुणी काही विचारायचं नाही." म्हणून जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो. आता कॉलनीत जो भेटतो तो विचारतो, "मग, एकदम रिलॅक्स ना?" आणि लगेच, "आम्हीही जायचं म्हणतोय, काही टिप्स द्या की!"

घ्या. मनापासून देते.

पहिल्यांदा एजंट गाठा आणि त्याच्यासमोर 'निवांत' हा शब्द उच्चारा. तो ताबडतोब सहा दिवसांत सतरा ठिकाणांचं पॅकेज काढेल. आमच्या पॅकेजचं नाव 'रिलॅक्स अंदमान' असं होतं. इंदूरहून थेट विमान नाही, तेव्हा आदल्या रात्रीच घर सोडा, चेन्नईच्या विमानतळावर खुर्चीत मान टाकून पडा आणि पहाटेच्या विमानाने बंगालचा उपसागर ओलांडा. पोहोचल्यावर खोलीत सामान टाकायला वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात अंघोळ, चहा आणि ट्रिपमधलं पहिलं भांडण उरकून घ्यावं. गाडी खाली उभी असते.

पलंगावर टॉवेलचे दोन हंस आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम असेल, तुम्ही साठीचे असलात तरी. फोटो काढल्याशिवाय त्यावर टेकू नका.

टीशर्ट दोघांचे एकाच रंगाचे हवेत, नाहीतर गर्दीत आपलं माणूस ओळखू येत नाही.

खाण्याचं बघा. बेटावर काय पिकतं, काय शिजतं याची चौकशी करण्यात वेळ घालवू नये. हॅवलॉक बेटावर (2018 च्या डिसेंबरपासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण एजंटसमोर म्हणू नका, तो गोंधळतो) बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांची आहे. त्यांच्या हाताला मोहरीची, माशाची, नारळाची चव. तुम्ही त्यांच्या खाणावळीत बसून खणखणीत आवाजात विचारायचं, "भिया, पोहा नहीं है क्या?" बिचारा कुठून तरी पोहे करून आणतो. मग एक घास खाऊन सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "छप्पन वाली बात नहीं है." (छप्पन म्हणजे आपली इंदूरची खाऊगल्ली, छप्पन दुकान.) खिशातून जिरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढायची. जिलबी मागायची. एका गृहस्थांनी खरंच मागितली, मी समोर बसले होते. आमच्या बॅगेतही दीड किलो सेव होती, खोटं कशाला बोलू. पण आम्ही ती खोलीत दार लावून खाल्ली.

तिथल्या पाच नंबरच्या किनाऱ्याला विजयनगर म्हणतात. इंदूरलाही एक विजयनगर आहे. त्यामुळे हे कळताच घरी फोन लावून "हम तो विजयनगर में ही हैं" हा विनोद करावा. आमच्या गाडीतल्या एकाने चार जणांना चार वेळा ऐकवला.

फोन बंद ठेवण्याचा मोह मात्र टाळा. 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईपासून समुद्राच्या तळाशी सुमारे 2300 किलोमीटरची केबल टाकून ही बेटं जोडली. दवाखाने, शाळा, बँका यांच्या सोयीसाठी टाकली असा माझा समज होता. खरं कारण मला जेटीवर बोटीची वाट बघताना कळलं. मागच्या बाकावरच्या वहिनींना त्यांच्या मावशीला समुद्र दाखवायचा होता. "दिख रहा है? हाँ, पानी है. नहीं, उधर भी पानी ही है. रुको, मैं घुमाती हूँ... हाँ, ये भी पानी." पाऊण तास. स्पीकरवर.

स्कूबा शेवटच्या दिवशी सकाळी ठेवा आणि विमान दुपारचं. पाण्याखालून वर आल्यावर 18 ते 24 तास विमानात बसू नये, शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, असं काहीतरी तो शिकवणारा मुलगा सांगेल. त्याला म्हणा, "कुछ नहीं होता." इंदुरी माणसाला कुठेच कधी काही होत नाही.

मगरींपासून सावध राहा अशी पाटी दिसली की तिला टेकून फोटो काढावा आणि मगच पाण्यात उतरावं. 2010 मध्ये हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्यालगत एका परदेशी पर्यटक मुलीला मगरीने ओढून नेलं होतं, ती गोष्ट कुणाला माहीत असली तरी त्याला सांगू देऊ नका. मूड जातो.

सेल्युलर जेल. हो, ते पॅकेजमध्येच असतं, पहिल्याच दिवशी, दोन तास. तिथे काय करायचं ते आमच्या पुढे चाललेल्या जोडप्याकडून शिकून घ्या. नवऱ्याला कोठडीत उभं करायचं, बाहेरून अडसर लावायचा आणि बायकोने गजांआडून रील काढायचं: "शादी के बाद का जीवन." फाशीघरात दोराखाली मान वाकडी करून जीभ बाहेर काढायची. कोलूचं जू खांद्यावर घेऊन "जिम" असं लिहायचं. 1906 मध्ये हा तुरुंग बांधून पूर्ण झाला तेव्हा त्याला सात पाख होते, आता तीन उरलेत. एका पाखाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. दोन्ही सावरकर बंधू एकाच आवारात होते आणि त्यांना एकमेकांना भेटता येत नव्हतं. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढून घेत. इंदुभूषण रॉय नावाच्या बंगाली मुलाने 1912 मध्ये त्या छळाला कंटाळून कोठडीतच अंगावरच्या कपड्याच्या चिंध्यांचा फास करून घेतला. तशाच एका कोठडीत आपलं "शादी के बाद का जीवन". तीनदा काढावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळी मागून माणसं जात होती. त्यांना हातानेच "साइड, साइड" केलं. मी पण झाले साइड. रागवत नाहीये. नुसतं सांगतेय.

आता मुख्य टिप. सूर्यास्त.

राधानगरच्या किनाऱ्याला 2004 मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, तेव्हापासून प्रत्येक एजंट तो कागद नाचवतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य थेट पाण्यात बुडतो. तिथे सहा वाजता जा. इंदूरला जानेवारीत सहाच्या सुमारास मावळतो ना, मग तिथेही तेव्हाच मावळला पाहिजे. घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी अंदमान आपल्यापासून पूर्वेला सतरा अंशांवर आहे, तिथे सव्वापाचलाच सगळं आटपतं, ही तुमची चूक नाही. अंधारात धावत येऊन ड्रायव्हरला झापा.

आम्ही साडेचारलाच गेलो होतो. त्याला कारण होतं. ह्यांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. निवृत्तीच्या जरा आधी मुलाने हट्टाने कानाचं यंत्र घेऊन दिलं. हळूहळू त्यांना कुकरची शिटी परत मिळाली, दारावरची बेल मिळाली, माझं बोलणंही मिळालं (त्याची त्यांना फारशी घाई नव्हती). विमानात म्हणाले, "लाट परत जाताना वाळूत एक सुर्रर्र असा आवाज होतो. लहानपणी मामाकडे दादरला ऐकला होता. तो आता येतो का बघू." एवढंच. सतरा ठिकाणांमधलं त्यांना हे एकच बघायचं होतं, आणि ते बघायचंही नव्हतं, ऐकायचं होतं.

तर मागे समुद्री महुआची थोराड झाडं, पुढे पांढरी वाळू, आम्ही दोघं चटई टाकून बसलो. हे डोळे मिटून, मान जरा तिरकी करून. मी त्यांच्याकडे बघत होते. आला असावा आवाज, कारण ओठ हलले.

आणि मग चौघं आले. दोन जोडपी, हातात तांब्याएवढा स्पीकर. आमच्यापासून दहा पावलांवर तो वाळूत रोवला. एवढा लांब किनारा, अर्धा रिकामा, पण दहा पावलांवर! वरातीत घोड्यापुढे जे वाजतं ते लावलं. ते संपलं की तेच परत. दहा मिनिटं आम्ही थांबलो, सभ्य माणसं थांबतात तसं. मग हे उठले, जवळ गेले, हात जोडून म्हणाले, "जरा आवाज कमी कराल का? सूर्य मावळेपर्यंत फक्त." मराठीतच बोलले, मग लक्षात आल्यावर हिंदीत. त्यातला एक म्हणाला, "अंकल, घूमने आए हो, एंजॉय करो ना!"

मग विचारलं, "कहाँ से हो?"

हे म्हणाले, "इंदौर."

"अरे! हम भी इंदौर के! भिया, अपने ही लोग हैं!"

आणि त्या आनंदात त्यांनी आवाज आणखी वाढवला.

हे परत येऊन बसले. कानातून यंत्र काढलं, रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं, डबी शर्टाच्या खिशात. मग शांतपणे सूर्याकडे बघत बसले. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं.

हां, टिप राहिली. स्पीकर चार्ज करून न्या. पॉवर बँकही न्या. आपल्याला आवडतं ते गाणं दुसऱ्याला आवडतंच, आणि आवडत नसेल तर तो माणूस म्हातारा, मनहूस किंवा दुसऱ्या गावचा असतो. समुद्र काय, तो रात्रंदिवस तेच वाजवतो, त्याला कुठे नवं काही येतं!

पोवळ्याचा तुकडा सापडला तर बॅगेत टाका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते नेता येत नाही, पण विमानतळावर काढून घेतीपर्यंत तो तुमचाच.

आणखी काय? रांगेत पुढे घुसा, बोटीत खिडकीची जागा रुमाल टाकून धरा, माशांना बिस्किटं घाला...

नको. राहू दे. मला हे जमत नाहीये आता.

अंधार पडल्यावर ते चौघं उठले. स्पीकर उचलला, चपला उचलल्या. वाळूत ठेवून गेले ते मी मोजलं: तीन पाण्याच्या बाटल्या, कागदी बशा, आणि सेवेची दोन रिकामी पाकिटं. कचऱ्याचा डबा आमच्या आणि त्यांच्या मधोमध होता. या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळालाय, तिथे डब्यांना तोटा नाही.

तुम्ही इंदूरचे ना? 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर म्हणून छाती काढून फिरतो ते आपणच ना? घरी ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, सहा प्रकार करतो. गाडीत कचऱ्याची पिशवी टांगतो. बाहेरगावचा पाहुणा रस्त्यावर कागद टाकायला लागला की "भिया, ये इंदौर है" म्हणून त्याचा हात धरतो. मग हे काय होतं? दंड करणारा नव्हता म्हणून? कॅमेरा नव्हता म्हणून? म्हणजे सात वर्षं आपण स्वच्छ नव्हतो, घाबरलेले होतो, असं समजायचं? ते बेट आहे हो, चारी बाजूंनी पाणी. तिथे ट्रक येऊन पाकीट उचलून शहराबाहेर नेत नाही. ते तिथेच कुजत पडतं, नाहीतर समुद्रात जातं आणि कासवाच्या पोटात. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पोरांना शाळेत शिकवतात, तुम्ही त्यांच्या प्रोजेक्टला चित्रं चिकटवून देता! एवढे पैसे खर्चून, दोन विमानं आणि एक बोट बदलून गेलात, आणि केलंत काय, तर कॉलनीच्या गच्चीवर पार्टी करतो तेच. मग गच्चीवरच करायची होती. कुणी अडवलं होतं? वर त्या म्हाताऱ्या माणसाला "एंजॉय करो"! लाज वाटायला हवी होती. मला वाटली, तुमच्या वाटणीचीसुद्धा, कारण तुम्ही ओरडून सांगितलंत की आम्ही एकाच गावचे.

बाटल्या आणि बशा मी डब्यात टाकल्या. सेवेची पाकिटं टाकवेनात, ती आमच्या गावची म्हणून. घडी करून पर्समध्ये ठेवली, आमच्या दीड किलोच्या रिकाम्या पाकिटांबरोबर ती घरी आली.

सोमवारी सकाळी इंदूरला, आमच्या राजेंद्र नगरात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. हे म्हणाले, "आली गाडी." यंत्र कानात होतं. मी खाली जाऊन पाकिटं प्लास्टिकच्या कप्प्यात सोडली, तर गाडीवरच्या मुलाने एक उचलून उलटं झटकलं आणि विचारलं, "आंटी, इसमें रेत कहाँ से आई?"