टालथ्लिन रेल्वे सरकारने बंद केलीच नव्हती

वेल्समधल्या टालथ्लिन रेल्वेबद्दल एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. त्यात म्हटलंय की ही पर्यटकांसाठी बांधलेली टॉय ट्रेन होती, बीचिंगच्या (तोट्यातल्या रेल्वे लाईनी बंद करा म्हणणाऱ्या) रिपोर्टनंतर ब्रिटिश सरकारने तोट्यात चालते म्हणून बंद केली, आणि मग हौशी लोकांनी ती शून्यातून परत उभी केली. ऐकायला छान वाटतं म्हणून लोक शेअर करतात, पण ज्या माणसामुळे ही गाडी टिकली त्याचं नावच त्यात नाही, ते मला पटत नाही म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, पर्यटक वगैरे नंतर आले. लाईन टाकली ती ब्रिन एग्लुइसच्या खाणीतला स्लेटचा दगड, म्हणजे घराच्या छपरावर घालतात तो, खाली टविन गावापर्यंत आणायला. पैसा मँचेस्टरच्या मॅककॉनेल या सूतगिरणीवाल्यांचा, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना आणि त्यांना दुसरा धंदा हवा होता. 1865 मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला, दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, फक्त सव्वादोन फूट. 1866 ला सरकारी इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर तपासणीला आला तर पुलाखाली डबा आणि भिंत यांच्यामध्ये दोन फूटही जागा नव्हती, म्हणजे दार उघडून बाहेर पडायची सोय नाही. मग एका बाजूची दारं कायमची बंद केली, रूळ पुलाखाली मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवला, आणि आजही त्या डब्यांना एकाच बाजूने दारं आहेत.

आता बीचिंग. त्याचा रिपोर्ट 1963 चा, तोवर ही लाईन स्वयंसेवकांच्या हातात येऊन बारा वर्षं झाली होती! आणि सरकार बंद करणार कसं, 1948 ला ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही कंपनी घेतलेलीच नव्हती. घेतली ती शेजारची कॉरिस रेल्वे, आणि ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद पडली.

मग टालथ्लिन चालू कुणी ठेवली? सर हेन्री हेडन जोन्स, तिथलेच खासदार. 1911 ला त्यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. 1946 च्या डिसेंबरात खाण कोसळून बंद झाली, म्हणजे मालवाहतूकच संपली, तरी मी जिवंत आहे तोवर गाडी चालणार हा शब्द त्यांनी दिला होता आणि तोटा सोसून पाळला. शेवटी शेवटी दोन इंजिनांपैकी फक्त डॉल्गोख चालत होतं, रूळ 1865 चेच, स्लीपर कुजलेले आणि कितीतरी ठिकाणी गवताच्या मुळांनीच रूळ धरून ठेवलेले. 2 जुलै 1950 ला जोन्स गेले, तरी त्या सीझनच्या गाड्या ऑक्टोबरपर्यंत धावल्याच.

आणि त्याच ऑक्टोबरमध्ये लेखक टॉम रोल्टने बर्मिंगहॅमला मीटिंग बोलावली, रेल्वे जपायला स्वयंसेवकांची सोसायटी झाली, जोन्स यांच्या पत्नीने सहकार्य केलं आणि 14 मे 1951 ला गाडी परत सुटली. म्हणजे मध्ये फक्त एक हिवाळा गेला, तेव्हा "शून्यातून" कसलं? कंपनी तीच, मूळची दोन्ही इंजिनं तीच, मूळचे डबे तेच, गार्डच्या डब्याला असलेली तिकीट खिडकीसुद्धा. स्वयंसेवकांचं श्रेय यात अजिबात कमी होत नाही, उलट बंद पडलेली लाईन निवांत दुरुस्त करण्यापेक्षा मोडकळीला आलेली लाईन चालू ठेवून दुरुस्त करणं जास्त अवघड. बंद पडलेल्या कॉरिसची दोन इंजिनं त्यांनी पंचवीस-पंचवीस पाउंडाला आणली, गेज कागदावर सारखंच होतं तरी ती लगेच नीट चालली नाहीत, त्यातल्या एकाला नाव दिलं सर हेडन.

स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे, हे मात्र पोस्टमध्ये बरोबर आहे, ते राहू द्या. बाकीचं बदला आणि हेडन जोन्सचं नाव घाला.