‘फुकट्यांच्या पेन्शनी बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज चाळींच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘करदात्यांनो, जागे व्हा’, खाली पाच मुद्दे. कर फक्त दोन टक्के लोक भरतात, बाकीचे फुकटे. विधवा आणि निराधारांच्या पेन्शनी बोगस, त्या बंद करा. सामाजिक योजनांत कपात झालेलीच नाही, उलट तरतूद वाढली. राज्य कर्जात आहे, कुठेतरी कात्री लावावीच लागणार. आणि शेवटचा: सह्या गोळा करणारे, आझाद मैदानात बसणारे हे भाड्याने आणलेले लोक, त्यांच्या ओरडण्याने अर्थसंकल्प बदलत नसतो.

असले मेसेज मी एरवी वाचून पुसून टाकते. हा मात्र काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या एका काकूंपर्यंत पोचला. काकू निराधार योजनेच्या लाभार्थी. आमदारांना द्यायच्या निवेदनावर त्यांनी सही केली होती, ती खोडायला सांगायला त्या दारात आल्या. ‘नको गं, फुकट्यांच्या यादीत नाव नको आपलं.’ त्यांचाच हप्ता वेळेवर मिळावा म्हणून ते निवेदन आहे. एका बाईला स्वतःचा हक्क मागायची लाज वाटायला लावणारा मजकूर कुणीतरी घरी बसून लिहितो आणि शिकलेसवरलेले लोक तो न वाचता पुढे ढकलतात, याचा मला संताप येतो.

म्हणून पेन्शनचा मुद्दा आधी. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजार झालेले, अनाथ, दिव्यांग अशा 65 वर्षांखालच्या लोकांसाठी. पैसे किती? 2023 पासून महिना 1,500, फक्त दिव्यांगांना 2025 पासून 2,500. पात्र ठरायला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. दिव्यांगांना ही मर्यादा 50,000 आहे, बाकीच्यांना 21,000. महिन्याचे 1,750 रुपये. मुंबईत एखाद्या बाईने दोन घरची धुणीभांडी केली तरी ती या मर्यादेबाहेर जाते. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे, हे शेजारी ठेवून बघा. म्हणजे निराधारच्या यादीत शिरणं हे राज्यातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक, आणि मेसेज लिहिणाऱ्याला बोगसपणा दिसला तो नेमका तिथे.

काकूंची कागदांची पिशवी मी पाहिली आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, आधार जोडलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सा. एकेका कागदाच्या दोन-दोन प्रती, कारण एक प्रत कुठल्याही टेबलावर गहाळ होते. वर दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगणारा हयातीचा दाखला. भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे अंगठ्याचं मशीन त्यांना ओळखत नाही. मग ‘उद्या या’. उद्या म्हणजे कामावरचा आणखी एक खाडा. एवढं करून हप्ता ठरल्या तारखेला येईल याची खात्री नाही, आणि का आला नाही हे खिडकीवरचा माणूस सांगत नाही. ही बाई फुकटी?

बोगस लाभार्थी असतात का? असतात, मान्य आहे. लाडकी बहीण योजनेत हजारो पुरुषांनी पैसे उचलल्याचं सरकारी तपासणीतच बाहेर आलं. पण ती योजना निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने राबवली गेली, छाननी नंतर सुरू झाली. तिथल्या ढिलाईचा राग काकूंसारख्यांवर काढायचा, हा कुठला न्याय?

आता ‘कपात झालेलीच नाही’ याकडे येते. यात अर्धं खरं आहे आणि ते आधी सांगून टाकते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती उपयोजनेला (म्हणजे त्या समाजासाठी अर्थसंकल्पात वेगळा ठेवलेला निधी) 22,658 कोटी आणि आदिवासी उपयोजनेला 21,495 कोटी दाखवले, आणि दोन्हींत 40 टक्क्यांच्या आसपास वाढ जाहीर झाली. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं. पुढचं सांगितलं नाही. मे 2025 मध्ये शासन निर्णय निघाले. सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख, मिळून 746 कोटी, लाडकी बहिणीच्या हप्त्यासाठी वळवले गेले. हे विरोधकांचं भाषण नाही. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीरपणे यावर नाराजी व्यक्त केली. ज्या सरकारात मंत्री आहेत त्याच सरकारबद्दल. ‘कपात नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी मंत्र्यांची समजूत घालावी.

यावर उत्तर येतं की या योजनेत दलित आणि आदिवासी बहिणीही आहेत, मग त्यांचे पैसे त्यांनाच मिळाले. बहिणींना पैसे द्याच, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण सगळ्या समाजांसाठी असलेल्या योजनेचा खर्च तिच्या स्वतःच्या खात्याने करायचा असतो. उपयोजना आहे ती जे इतरत्र मिळत नाही त्यासाठी: वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, आश्रमशाळा. स्वाधार योजनेचंच घ्या. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबईत राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला 60,000 मिळतात. वळवलेल्या 410 कोटींत अशा 68 हजार मुलांचं वर्ष निघालं असतं. कर्नाटकाने आणि तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाने 2013 मध्येच उपयोजनांसाठी कायदे केले. महाराष्ट्रात ती मागणी अजून मागणीच आहे.

आणि तरतूद कागदावर न घटवताही कपात करता येते. अंगणवाडीतल्या मुलाच्या पोषण आहाराचा दर केंद्राने 2017 मध्ये दिवसाला 8 रुपये ठरवला, अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. पुढे डाळ, तेल, गॅस कुठे गेलं ते घरातल्या कुणालाही विचारा, दर वर्षानुवर्षं तोच राहिला. लालबागमध्ये 8 रुपयांत कटिंग चहासुद्धा मिळत नाही. ‘आनंदाचा शिधा’ 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत सुरू झाला, रवा, चणाडाळ, साखर, तेल. 2025 च्या दिवाळीत तो मिळाला नाही. याला कपात नाही तर काय म्हणायचं?

‘दोन टक्केच कर भरतात’ हा मुद्दा आयकराचा आहे, आणि आयकर लावतं केंद्र. राज्याचा कणा म्हणजे जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क. काकू मोबाइलचं रिचार्ज मारतात त्यात 18 टक्के जीएसटी असतो. पगारदारांच्या स्लिपवर दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेसाठी, 1972 च्या दुष्काळात होरपळलेल्या गावांसाठी, शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून वाटा घ्यायचं या राज्याने ठरवलं. मुंबईकर करदात्याची खरी परंपरा ती आहे.

कर्जाचं म्हणणं खोटं नाही. कर्ज 9 लाख कोटींच्या पुढे गेलंय, 2025-26 ची अंदाजित महसुली तूट 45,891 कोटी. पण एकूण अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा. वळवलेले 746 कोटी म्हणजे हजार रुपयांतला एक रुपया. त्याने कर्ज फिटत नाही, वसतिगृहातली मेस मात्र बंद पडते.

राहिला ‘भाड्याच्या लोकां’चा मुद्दा. 1972 मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या बायका कुणी भाड्याने आणल्या होत्या? लांब कशाला, जून 2025 मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, दिव्यांग संघटना आधीपासून मागे लागल्या होत्या, आणि त्याच वर्षी दिव्यांगांचं अनुदान 1,500 वरून 2,500 झालं. मागितलं होतं 6,000, मिळाले 2,500, पण बदललं. विधवा आणि इतर निराधार 1,500 वरच राहिले, कारण त्यांच्यासाठी तेवढं कुणी भांडलं नाही.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण पावसाळी अधिवेशनात आणि नागपूरला हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधल्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा आमदाराला कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, जो प्रश्नाकडे लक्ष वेधायला वापरतात) देऊन आपल्या वॉर्डातला प्रश्न मांडता येतो. शासन निर्णय संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आमदाराच्या हातात कागद असला तर तो विचारतो, नसला तर त्याला विचारायला सुचत नाही.

आमच्या निवेदनात तीन मागण्या आहेत. निराधारचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, आणि अडकला तर कारण लेखी. उत्पन्नाची 21,000 ची मर्यादा वाढवा. उपयोजनांचा निधी वळवायला बंदी घालणारा कायदा करा. एका पानाचं आहे, मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी सात ते नऊ ठेवलेलं असतं. सही करताना नाव आणि पत्ता पुरे, आधार क्रमांक लिहू नका. हप्ता अडकलेला असेल तर पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स जोडा, खाते क्रमांक झाकून.