खांद्यावरची सायकल

सायकलनं माणसाला वाहून न्यायचं असतं, या समजुतीत माझी ४६ वर्षं सुखात गेली. ती समजूत श्रावणातल्या एका रविवारी गोराईत वारली.

भाचा म्हणाला होता, "मामा, सायक्लोक्रॉस आहे, आमची पोरंच करतायत. फक्त अर्धा तास." मुंबईत 'फक्त अर्धा तास' ऐकलं की शहाण्यानं घरी वळावं. मी बोरिवलीहून लाँच पकडली.

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखलातून, अडथळ्यांवरून सायकलची शर्यत. हे खूळ मूळचं फ्रान्सचं. थंडीत अंग आखडू नये म्हणून तिकडचे रेसवाले शेतांतून, कुंपणांवरून सायकली दामटायचे. १९०२ साली त्यांनी याची राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि १९५० साली पॅरिसला चक्क जागतिक. पॅरिसला जाऊन चिखलात लोळायचं, म्हणजे कमालच. आमच्याकडे थंडी नाही, पण चिखलात आम्ही कुणाला हार जाणार नाही.

ओळखीच्या वाडीत नारळीच्या झाडांमधून जेमतेम किलोमीटरभराची फेरी आखली होती. आदल्या रात्री मी टायरांत ठासून हवा भरली होती. तीच पहिली चूक. चिखलात हवा कमी लागते, तरच टायर जमीन धरतो. माझे टणक टायर पहिल्याच वळणावर साबणाच्या वडीसारखे सटकले आणि मी एका आळ्यात बसलो. दुसरी चूक मडगार्डची. या खेळाच्या सायकलींना मडगार्ड नसतात, का ते मला दोनशे मीटरवर कळलं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल असा बसला, की चाक फिरायचंच थांबलं. मोठ्या स्पर्धांत अशी सायकल मदतनिसाच्या हाती देऊन दुसरी घेता येते, तोवर तो पहिली धुऊन ठेवतो. माझी दुसरी सायकल म्हणजे लेकीची, गुलाबी, पुढे टोपलीवाली. तीही घरी.

मग आले अडथळे. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर. आकडा किरकोळ वाटतो, गुडघ्याला विचारा. डावीकडे उतरायचं, सायकल उचलायची, उड्या मारायच्या, पुन्हा टांग टाकायची. पुढच्या चढावर तर ती खांद्यावरच घ्यायची. त्याचीही रीत आहे: वरचा दांडा उजव्या खांद्यावर, हात खालच्या दांड्याखालून नेऊन हँडलला. मी मात्र झोपलेल्या पोराला घ्यावं तशी तिला छातीशी धरली. पेडल बरगडीत, चेनचं ग्रीस गालावर. विरार लोकलमध्ये तीस वर्षं खांदे घासलेत, पण तिथे निदान ढकलायला मागे माणसं असतात.

बेल्जियमात म्हणे प्रेक्षक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवून धीर देतात. इथे प्रेक्षक म्हणजे वाडीवाल्या आजी. ओट्यावर बसून त्या दर फेरीला मायेनं विचारायच्या, "पंक्चर काय रे?" माझ्या दोन फेऱ्या होईतो भाच्यानं मला तीनदा ओलांडलं. दर वेळी "मामा, छान चाललंय!" तिसऱ्यांदा मी खरोखरच चालत होतो.

अर्ध्या तासाची शिट्टी झाली, तरी हातातली फेरी पुरी करायची असते, हे भाच्यानं सांगितलं नव्हतं. ती करून आलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि वडापावही संपले होते. वडापावचं जास्त लागलं.

दुपारी सोसायटीत शिरलो तर वॉचमन आडवा. "साहेब, लिफ्टमधून नाय हां. आत्ताच पुसलीय."

चार मजले. वरचा दांडा उजव्या खांद्यावर घेतला, हात खालून हँडलला. या वेळी बरोब्बर बसली. दुसऱ्या मजल्यावर काकूंचं दार उघडं होतं, श्रावणातली पूजा चालली होती. आत घंटा घणघणत होती.

मी वेग वाढवला.