स्वतःचाच पत्ता नाही

पासवर्ड विसरलेल्या माणसाला ईमेलमधून लिंक पाठवायची, आणि तिच्यात आपल्याच सर्व्हरचा पत्ता घालायचा. जावाच्या वेब ॲपमध्ये एवढ्याशा कामाला केवढा वेळ लागावा? विचारू नका.

पहिला मान जावाच्या गेटसर्व्हरनेम या फंक्शनचा. नावावरून वाटतं, हा सर्व्हरचं नाव सांगणार. छे! ब्राउझरने होस्ट हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टवरच्या 'कोणत्या साइटसाठी' या ओळीत, जे लिहिलं तेच तो परत ऐकवतो. "तू बंड्या ना?" तरी हो, "तू पिंट्या ना?" तरी हो. एखाद्या लबाडाने तिथे स्वतःच्या साइटचं नाव घुसडलं, की पासवर्ड बदलायची लिंक थेट त्याच्या दारात.

त्यापेक्षा गेटलोकलॲडर प्रामाणिक. रिक्वेस्ट मशीनच्या ज्या आयपीवर (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यावर) आली तो आयपी देतो. आमचं ॲप डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्याच एका बंद डब्यात, म्हणून उत्तर आलं १७२.१७.०.२. अगदी खरं, पण त्या मशीनबाहेर काडीच्या उपयोगाचं नाही. इनेटॲड्रेस या जावाच्या क्लासला मशीनचा पत्ता विचारला तर उबुंटूवर १२७.०.१.१, म्हणजे "मी घरीच आहे". घर कुठे, ते मात्र सांगत नाही. सगळी नेटवर्क कार्डं मोजायला बसलो, तर वायफाय, व्हीपीएन, डॉकरचा ब्रिज, प्रत्येकाचा पत्ता निराळा. वर आयपीव्ही६ची लांबच लांब कोलनमाळ.

त्यात पुढे एनजिनएक्स बसलेला, बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन आत पाठवणारा दारवान. बाहेर एचटीटीपीएस आणि पोर्ट ४४३, आत ॲप चालवणाऱ्या टॉमकॅटची ठाम समजूत की आपण साध्या एचटीटीपीवर ८०८०ला आहोत. होस्ट हेडर पुढे पाठव असं बजावलं नाही, तर एनजिनएक्स तिथे आतल्या सर्व्हरचं नाव टाकून मोकळा होतो. यावर उपाय आहेत: बाहेर एचटीटीपीएस होतं हे आत कळवणारा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर, आणि तो वाचणारा टॉमकॅटचा रिमोटआयपीव्हॉल्व्ह. पण त्यासाठी दोन टीम एकमेकींशी बोलाव्या लागतात.

"हेडर आम्ही पाठवतोय."

"आमच्याकडे येत नाहीये."

"लॉग बघ ना."

"लॉग तुमच्याकडे असतात."

एवढं करून रात्री आपोआप रिमाइंडर ईमेल पाठवणारा जॉब उरतोच. त्या वेळी रिक्वेस्टच नसते, मग पत्ता विचारायचा कुणाला? शेवटी सगळ्यांनी मुकाट्याने प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे ॲपच्या सेटिंग्जमध्ये, बेस यूआरएलची (साइटच्या मूळ पत्त्याची) एक ओळ टाकली. सुरुवातीला तिथे लोकलहोस्ट:८०८०, म्हणजे 'जो उघडेल त्याचंच मशीन', होतं, आणि टेस्ट सर्व्हरवर ते कुणी बदललं नाही. टेस्टरने ईमेलमधली लिंक दाबली. तिच्या मशीनवर तेच ॲप चालू होतं, त्यामुळे लिंक झकास उघडली. तिकिटावर आता हिरव्या अक्षरांत 'पास' लिहिलंय.