शंभर ग्रॅम तांदळाचा खुलासा

शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळाचा लेखी खुलासा देऊन मी आज घरी आले आहे. दोन प्रतींत, जावक क्रमांक टाकून, शाळेचा गोल शिक्का मारून.

झालं काय, तर शालेय पोषण आहाराच्या ॲपवर जेवणाऱ्या मुलांची हजेरी भरली. ४१. आमच्याकडे रेंज शाळेत नसते, पाण्याच्या टाकीपाशी असते, आणि मी टाकीपाशी हात वर करून उभी असताना चारही वर्ग एकत्र बसून काय करतात ते इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. जोडीदार सर बीएलओ, मतदार यादीच्या कामाला. म्हणजे द्विशिक्षकी शाळा फक्त कागदावर. भरून परत येते तर दुसरीतल्या पोरीची आजी दारात. पाहुणे आलेत, पोरीला नेते म्हणाली. मी म्हटलं, आजी, ताट वाढायलाच घेतलंय, जेवू द्या की. "घरी काय उपाशी ठेवतेत का मॅडम?" म्हणाली आणि गेली घेऊन. आता आजीला काय सांगू, की तुमची नात ॲपवर चढलीये, तिला खाली आणता येत नाही?

पंगत बसली ४० ची. आणि तपासणीची गाडी आली.

साहेबांनी उतरल्या उतरल्या ताटं मोजली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बोट नाचवत, मग उलट्या बाजूने परत. पोरांनी "नमस्ते सर" म्हटलं त्याला उत्तर नाही, कारण मोजणी चुकली असती. मग मोबाइल काढला. "ॲपवर एक्केचाळीस दिसतात. एक कुठंय?" मी आजी सांगितली. "नोंद?" हालचाल रजिस्टर माझं असतं साहेब, दुसरीच्या पोरीचं नसतं. "म्हणजे एका लाभार्थ्याचा शंभर ग्रॅम तांदूळ शिल्लक. तो कुठं दाखवला?" म्हटलं, तो शिजला. "शिजला ते दिसतंय मला. दाखवला कुठं?"

आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी पळी पातेल्याकडे केली. "ह्यात हाय की सायेब, काढून दाखवू का?"

मला हसू आलं आणि तिथेच घात झाला. साहेबांचा चेहरा बदलला. म्हणाले, तुम्ही हसताय मॅडम, पण वरच्या पातळीवर याला अपहार म्हणतात, लेखी खुलासा द्या. अपहार! ४० लेकरांसमोर, दोन मावशींसमोर, आणि खिडकीला लटकलेल्या त्या रिकामटेकड्या इसमासमोर, जो शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला कधी येत नाही पण गाडी आली की हजर असतो. आता संध्याकाळपर्यंत गावात "मॅडमनं तांदूळ खाल्ला" झालेलं असणार. अहो, मला अपहारच करायचा असता तर मी शंभर ग्रॅमचा केला असता का? त्यात एका माणसाचा धड भात होत नाही.

आणि ही ग्रॅमची काळजी गोण्या उतरतात तेव्हा कुठे जाते? ठेकेदाराचा टेम्पो येतो, तोही शाळा सुटताना, गोणी फाटकात टाकतो आणि ड्रायव्हर पावती पुढे करतो. सही करा मॅडम, अजून नऊ शाळा आहेत. गोणीवर ५० किलो. वजन करा म्हटलं की हा हसतो. काटा आणा म्हटलं की आणखी हसतो. गावातल्या दुकानदाराचा काटा मागून आणला होता मी, आणि जे भरलं ते पावतीवर लिहून सही केली, तर "तुमच्याच शाळेचा प्रॉब्लेम का असतो" हा फोन मलाच. तेव्हा कुणी गाडी घेऊन आलं नाही. किलोचा हिशोब ठेकेदाराला माफ आणि ग्रॅमचा मला!

मग चव. चवीच्या नियमाची मी चेष्टा करत नाही, आधीच सांगते. जुलै २०१३ मध्ये बिहारात, सारण जिल्ह्यात, शाळेतलं जेवण जेवून २३ लेकरं गेली, तेलात कीटकनाशक होतं. मी रोज पहिला घास घेते, अर्धा तास थांबते, मगच वाढू देते. नमुना झाकून २४ तास ठेवते. हे कुणी न सांगताही केलं असतं. पण साहेबांनी काय केलं? चमच्याच्या टोकावर सहा शितं घेतली, जिभेला लावली, वर स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले, आणि चव रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मीठ किंचित कमी." खाली सही, तारीख. झालं. आता ही ओळ लेखापरीक्षण होईपर्यंत तशीच राहणार. पुढच्या दहा मावश्या येतील-जातील, पण अमुक तारखेला या शाळेत मीठ किंचित कमी होतं हे शासनाला कायम माहीत असेल.

"कोशिंबीर दिसत नाही." हो, दिसत नाही. जून २०२४ ला तीन पदार्थांचा आहार आला, भाताचा एक प्रकार, मोड आलेलं कडधान्य, वर गोड. वाचून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. मी लग्नातसुद्धा इतका मेनू पाहिलेला नाही. आणि दर? १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला ताटामागे ६ रुपये ७८ पैसे. त्याआधी ६ रुपये १९ पैसे होते. ५९ पैशांची घसघशीत वाढ, आणि त्या ६ रुपये ७८ पैशांत मी डाळ, तेल, भाजी, मसाला, गॅस सगळं बसवायचं, ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं दिसली पाहिजेत. स्टँडवर कटिंग चहा किती रुपयांना मिळतो ते साहेबांच्या ड्रायव्हरला विचारा.

भाजी माणशी ५० ग्रॅम. जुलैत कोथिंबिरीची जुडी काय भावाने जाते हे जीआर काढणाऱ्याच्या घरी भाजी कोण आणतं त्यावर कळेल. आमच्या मावशी भाजीवालीशी शाळेसाठी भांडतात तशा स्वतःच्या घरासाठी भांडत नसतील. मानधन वर्षातून दहाच महिन्यांचं, तेही कधी येईल ते पोर्टललाच ठाऊक. माझ्याकडे विचारतात, "मॅडम, आलं का वं?" जणू मी दाबून ठेवलंय. चुलीपाशी दोन बाया घाम गाळतात, त्यांच्या पगाराला उशीर झाला याचा खुलासा कुणी कुणाकडे मागितल्याचं ऐकलंय? मी तरी नाही.

अंड्याचं तर नावच काढू नका. नोव्हेंबर २०२३ ला आलं, आठवड्यातून एक, न खाणाऱ्याला केळं. लेकरांची त्या दिवशीची हजेरी बघायची होती. ज्या पोराला आई फरफटत आणते तो प्रार्थनेच्या आधी हजर, डबा धुऊन. मग गावात आठवडाभर वाद, कुणाचं पोर अंडं खातं आणि कुणाचं नाही, कोणत्या पातेल्यात उकडलं, आणि त्या पातेल्यात उद्या खिचडी का. तो वाद मी मिटवला, पालकांच्या सह्या घेतल्या, अंड्यांसाठी वेगळं पातेलं आणलं. सगळं रुळलं आणि जानेवारी २०२५ ला निधी बंद. अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व ऐच्छिक, साखर लोकसहभागातून. लोकसहभाग म्हणजे कोण, तर मी. आमच्या गावातला लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातो, निम्मी लेकरं बरोबर जातात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे मी खिरीला साखर मागायची. वर डिसेंबरात प्रश्न: "लाभार्थी संख्या अचानक का घटली?"

बरं, साहेबांनी चहा घेतला. साखर घातलेला. ती माझ्या डब्यातली होती.

आम्ही पोरं होतो तेव्हा हे काही नव्हतं. १९९५ ला योजना सुरू झाली, ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी. पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं. त्यात खडे असायचे, सोंडे असायचे, पण आमच्या गुरुजींना कुणी एका पोराच्या तांदळाबद्दल अपहारी म्हटल्याचं आठवत नाही. पुढे २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवून द्या म्हटलं. बरोबरच म्हटलं. तांदूळ घरी गेला की तो पोराच्या पोटात जातोच असं नाही, हे मला शाळेतल्या ताटांकडे बघून रोज पटतं. सकाळपासून काही न खाता आलेलं लेकरू खिचडीच्या वासावर अकरापासून पाढे चुकायला लागतं. योजना वाईट नाहीच हो. योजनेभोवती जे रजिस्टरांचं रान माजलंय त्यात मी मरतेय.

बाकी आरोग्याचा विभागही माझ्याचकडे. वजन-उंची मी. वजनकाटा बिघडला तर दुरुस्ती मी. गुलाबी लोहगोळी मी, जेवणानंतर, समोर गिळायला लावून. दुसऱ्या दिवशी शी काळी झाली म्हणून भांडायला आलेल्या आईलाही मीच. जंतनाशक दिनाला आदल्या रात्री गावच्या ग्रुपवर कुणीतरी "गोळीने मुले दगावली" फिरवतो, सकाळी निम्मा वर्ग गायब, दुपारी फोन, "शंभर टक्के का नाही?" आरोग्य तपासणीचं पथक येतं ते नेमकं चाचणी परीक्षेच्या दिवशी, लेकरांच्या पापण्या खाली ओढून बघतं आणि संदर्भचिठ्ठ्या माझ्या हातात देऊन जातं. पोरीला ग्रामीण रुग्णालयात न्या. कोण नेणार? बाप फडावर. बस एक, तीही सकाळची. गेल्या वेळी डॉक्टरांनी जाता जाता माझीही पापणी बघितली. म्हणाले, मॅडम, तुमचंही हिमोग्लोबिन करून घ्या एकदा.

तर ही आमच्या शाळेची पोषण अधिकारी. मुलांना "हिरव्या पालेभाज्या खा" शिकवते आणि स्वतः दुपारी टाकीपाशी उभ्याने चहा-बिस्किट खाते, कारण डबा उघडावा तर ॲप उघडत नाही आणि ॲप उघडावं तर डबा गार होतो. परवा नवरा म्हणाला, भाजीत मीठ कमी वाटतंय. मी म्हटलं, लेखी द्या. त्याला वाटलं गंमत करतेय. घरी तांदूळ काढताना माणशी शंभर ग्रॅमने गुणते मी आता, सासूबाईंनी एकदा बघितलं आणि मुलाला हळूच म्हणाल्या, हिला दोन दिवस माहेरी पाठव. आधी चिडून ठरवलं होतं की खुलासा देणारच नाही, काय करायचं ते करा. मग बसून असा सुरेख खुलासा लिहिला की बस. विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयास अनुसरून", आजीचा जबाब अंगठ्यासह, वर "सदर १०० ग्रॅम तांदूळ शिजविल्या गेल्याने परत साठ्यात घेणे शक्य झाले नाही, तरी अवलोकनार्थ सविनय सादर". दोनदा वाचला. अभिमानच वाटला थोडा. इतकं चांगलं मराठी मी डी.एड.लासुद्धा लिहिलं नव्हतं.

तरी एक राहिलंच. शाळेच्या ५० मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ ठासून भरलेलं काही विकायचं नाही, हा नियम २०२० चा आहे. आमच्या फाटकासमोर, पावलांनी मोजलं तर २० पावलांवर, पाच रुपयांची फुगीर पाकिटं माळेसारखी लटकलेली असतात. आत हवा जास्त, पिवळी पूड कमी. माझी ६ रुपये ७८ पैशांची खिचडी त्या पाच रुपयांपुढे रोज हरते. दुकानदाराला सांगायला गेले तर म्हणाला, मॅडम, तुम्ही खिचडी चांगली करा की, मग कोण घेतंय. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा, तर तो समितीचाच सदस्य. आज साहेबांना मुद्दाम फाटकापर्यंत सोडायला गेले, म्हटलं आता तरी दिसेल. दिसलं. गाडी थांबवली, काच खाली केली, आणि ड्रायव्हरला उतरवून सुपारीची पुडी आणायला लावली.

मी आत आले. पोरं ताटं घासत होती. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, उद्या मीठ जास्त टाकते. हाय का, नाय का?"

हे सगळं लिहितेय तर ग्रुपवर टिंग झालं. "अति तात्काळ. परसबागेचे अद्ययावत फोटो जिओटॅगसह आजच पाठवावेत. निरंक असल्यास निरंक कळवावे." आमच्या परसबागेत मेथी होती, पालक होता, दोन शेवगे होते. कुंपणाला निधी नाही म्हणून आता त्यात सरपंचांची शेळी असते. उद्या तिचाच फोटो काढून पाठवते, अक्षांश-रेखांशासह.